आक्का आणि बयोचा गुडघा

घोड्याने लाथ मारली तर आक्का घोड्याची समजूत काढते आणि माणसाने आवाज चढवला तर माणसाला सोलून काढते, असं तबेल्यात म्हणतात. पहिलं मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरं तिच्या नवऱ्याला विचारावं लागेल.

रायडिंग स्कूलमध्ये आक्का आली ती लीद काढायला. नवरा तिथेच मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. दाण्याचं पोतं उचलताना त्याची पाठ धरली ती कायमची. ("घोड्याने पाडलं असतं तर सांगायला तरी बरं होतं," असं तो अजून हळहळतो.) घोडे घासायचा त्याचा खरारा आक्काच्या हातात आला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती एकदाही घोड्यावर बसलेली नाही. विचारलं तर म्हणते, "बसणारे पुष्कळ आहेत."

बयो घोडी आली तेव्हा चार वर्षांची होती. तांबूस, उंच, नुसते पायच पाय. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आक्काने पहिल्याच दिवशी तिची बयो केली. महिनाभरात एक खोड दिसू लागली. सकाळी ठाणातून बाहेर काढली की तिचा डावा मागचा पाय ताठच्या ताठ मागे राही, खुराचं टोक जमिनीवर घासत येई, आणि मग खट्‌ होऊन पाय एकदम सुटे.

पाय बिघडला की विश्रांती, हे सगळ्यांना पाठ. आक्कालाही. तिने बयोला महिनाभर ठाणात ठेवलं, शेकलं, चोळलं, आणि पाय आणखी अडकू लागला.

मग घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्या वयाने आक्काच्या मुलीएवढ्या. त्यांनी बयोच्या मांडीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आक्का, गुडघ्याची वाटी हाडावर अडकतेय. मांडीत जोरच नाही, मग ती सुटणार कशी? ही लंगडी नाही, कच्ची आहे. तुम्ही हिला उभी ठेवलीत, तेच चुकलं."

दुसरी कोणी असती तर तिने एकोणीस वर्षांचा अनुभव काढून तोंडावर फेकला असता. आक्का म्हणाली, "चुकलं. आता काय करू ते सांगा."

गोल फिरवायचं नाही, सरळ चालवायचं. चढावर न्यायचं. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून पावलं टाकायला लावायची, रोज थोडं मागे चालवायचं, अंगावर मांस चढू द्यायचं. आणि दिवसभर मोकळं सोडायचं. मालकांनी तीन महिने दिले. तेवढ्यात जमलं नाही तर घोडी आणली तिथे परत. परत गेलेल्या घोड्याचं पुढे काय होतं, हे तबेल्यात कोणी कोणाला विचारत नाही.

मैदानामागे चढ होता. आक्का रोज दोनदा बयोला घेऊन तो चढली, पहिल्या आठवड्यात पाच वेळा, मग दहा, मग वीस. ती नालबंदाच्या मागे लागली आणि मागच्या खुरांची टोकं आखूड करून घेतली. बयो बांबूला अडखळली की ती ओरडायची नाही, बांबूलाच शिव्या द्यायची. तीन महिन्यांत बयोच्या मांड्या भरल्या आणि आक्काच्या चपलांचे दोन जोड झिजले. पाय अडकणंही कमी झालं. आता तो फक्त बराच वेळ उभं राहिल्यावर, तेही दोन-चार दिवसांतून एकदा अडके. पण अडके.

मालकांच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने खुर्चीतून मंत्र दिला. "अगं, साहेब यायच्या आधी तासभर चालवून आण. सांधा मोकळा झाला की कोणाच्या बापाला कळत नाही. आमच्या वेळी आम्ही तरी काय करत होतो?"

"अहो, ही लबाडी झाली."

"घोडी वाचते ना? मग झालं तर!"

सकाळी आक्काने बयोला तासभर चालवून आणलं. तिने ते केलं, यात लपवण्यासारखं काही नाही. तिचा जीव त्या घोडीत गुंतला होता.

बयो काय सुरेख पळाली! सरळ, हलकी, चारही पाय एका तालात. डॉक्टरीणबाई हसल्या. मालक खूश होऊन म्हणाले, "छान! उद्यापासून मुलांच्या वर्गाला हीच."

लगाम आक्काच्या हातात होता. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

"साहेब, मी हिला आधीच तासभर चालवून आणलीय," ती म्हणाली. "आता अर्धा तास उभी करा. मग बघा."

"अहो आक्का, हे तर हात दाखवून अवलक्षण झालं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असू दे. उभी करा."

अर्धा तास सगळे ताटकळले. मग आक्काने लगाम हलवला. पहिलंच पाऊल, आणि डावा पाय मागे राहिला. क्षणभरच. खट्‌ झालं आणि सुटला. पण सगळ्यांनी पाहिला.

मालकांनी वाकून तो पाय पाहिला. "हे का दाखवलंत? मला कळलंसुद्धा नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. वर बसलेल्या पोराला कळलं असतं." तिने लगाम पुढे केला. "आता द्यायची तर द्या परत. पण बरी झाली असं माझ्या तोंडून येणार नाही."

मालक डॉक्टरीणबाईंकडे वळले. "ही बरी झाली, या कागदावर सही तुमचीच राहील. पण ती कधी करायची, ते आक्का सांगतील. तीन महिने लागोत नाहीतर वर्ष. तोवर घोडी कुठे जात नाही."

आक्काने बयोच्या मानेत तोंड खुपसलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.