ती मींड अशोकची होती

अशोक गेल्याचं मला त्याच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं. कारखान्यात पहिल्या पाळीला छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. त्याला आता दीडेक महिना होईल. रडून झालंय. उरलाय तो राग, आणि तो लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अशोक आणि मी अंबरनाथला एकाच चाळीत वाढलो. मी गायचे आणि तो रेडिओ, टेपरेकॉर्डर, हाताला लागेल ते उघडून बसायचा. ऐंशीनंतर आमच्याकडे ऑर्केस्ट्रांचा सुकाळ झाला आणि प्रत्येकाला परदेशी सिंथेसायझर हवासा झाला. आपल्या दमट हवेत ती मशीनं सुरातून उतरायची, काही स्वर मुकेच व्हायचे, सुटे भाग मिळायचे नाहीत. मग ती अशोककडे यायची. पण नुसत्या दुरुस्तीवर त्याचं समाधान होत नसे. "विमल, याला सूर आहेत, पण दोन सुरांच्या मधलं काही येतच नाही बघ. आपलं गाणं कसं वाजणार?" उल्हासनगरच्या एका ऑर्केस्ट्राच्या मशीनला त्याने महिनोन् महिने खपून एक लाकडी दांडी बसवली. तिच्यावर ताणलेल्या तारेवरून बोट सरकवलं की आवाज गळ्यासारखा वळायचा. मींड! यंत्रातून मींड! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या आवाजावर त्या ऑर्केस्ट्राने गावोगावची लग्नं गाजवली.

एका वर्षी बदलापूरच्या आमच्या मंडळाने जयंतीला भीमगीतांचा कार्यक्रम ठरवला. एका संध्याकाळपुरतं ते मशीन मागायला अशोक आणि मी ऑर्केस्ट्राच्या मालकांकडे गेलो. (नाव लिहीत नाही. ते वाचतीलच.) त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "त्या मंडपात कशाला एवढं मशीन? तुम्हा लोकांना पेटी-ढोलकी पुरते की."

तुम्हा लोकांना!

जिना उतरता उतरता मी म्हणाले, "तुझी दांडी काढून आण त्यांच्याकडून." तो म्हणाला, "नको. ऐन लग्नसराईत वाजवणाऱ्याने काय करायचं? त्याचं काय चुकलंय?"

पण तो गप्प बसला नाही. उल्हासनगरच्या भंगारवाल्या लछूभाईंकडे एक जळकं मशीन पडून होतं. "तेरे सिवा ये मुर्दा कोई नहीं उठाएगा, ले जा," म्हणत त्यांनीच हातगाडी करून दिली. कामावरून आला की अशोक त्याच्यापुढे बसायचा. जयंतीला मी गायले आणि माझ्या प्रत्येक हरकतीला त्या मुर्द्याने उत्तर दिलं! समोरच्या बाया मला सोडून अशोककडेच बघत होत्या. मालकही आले होते, मागे उभे होते. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "अशोक, असंच अजून एक आम्हाला करून दे." अशोक हसला. "हे मंडळाचं आहे. तुमच्याकडे आहे की एक."

पुढे डिजिटल कीबोर्ड आले आणि मालकांनी त्यांच्याकडचं ते मशीन भंगारात फुंकून टाकलं. अशोकला कळवलंसुद्धा नाही.

आणि अशोकच्या शोकसभेत हेच मालक माईकवर म्हणाले, "आमच्या ऑर्केस्ट्राला आम्ही जो आवाज दिला, त्यात या मेकॅनिकचाही थोडा हात होता."

मी उठले. "आवाज त्याने दिला. तुम्ही तो विकलात, आणि जयंतीला नाकारलात."

कुणीतरी पुटपुटलं, "ताई, आज नको..." आज नाही तर कधी? जिवंत होता तेव्हा तो मला भांडू देत नव्हता, आता तुम्ही देत नाही! मेकॅनिक म्हणवून घेण्यात अशोकला कधी कमीपणा वाटला नाही. मला चीड आली ती त्या 'थोडा'ची.

मागच्या रविवारी अशोकच्या बायकोला, शोभावहिनींना भेटायला गेले. मंडळाचं मशीन त्यांच्याच घरी असतं. चहाचं आधण ठेवायच्या आधी त्यांनी त्याचं बटण दाबलं. "तापल्याशिवाय सुरात येत नाही ते. हे घरात आले की आधी मशीन लावायचे, मग हातपाय धुवायचे."

चहा झाला. आम्ही दोघी त्या मशीनकडे बघत बसलो... मग वहिनी उठल्या, पदराला बोट पुसलं आणि तारेवर ठेवलं. सूर कुठल्या कुठे गेला.

"पुन्हा," मी म्हणाले.