अळणी

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लहानपणी आईनं वैतागून दिलेलं हे नाव सासरी तिच्याआधीच पोचलं आणि तिथून तयार कपड्यांच्या कारखान्यातही गेलं. तिथे ती काज-बटणाच्या मशीनवर होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी पाय पसरून बसत. ही मात्र उभ्या उभ्या डबा संपवायची आणि दुसऱ्यांच्या टेबलांखालची सुतं गोळा करत फिरायची.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. डोळ्याला भिंग लावून तो एकदा टेबलावर वाकला की समोर दोन गाड्या आपटल्या तरी मान वर करायचा नाही. लोक त्याला घड्याळजी म्हणत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात ही दोघंच.

एका दुपारी घड्याळजी काम करता करता टेबलावरच कलंडला. शेजारच्या औषधवाल्यानं त्याला दवाखान्यात नेलं. रक्तदाब आभाळाला टेकलेला. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, त्यात अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी एक. मग सांगितलं, मीठ कमी करा, ताज्या भाज्या खा, रोज चाला, दर महिन्याला येऊन दाखवा. भिंगरीनं सगळं ऐकलं. पण घाबरलेल्या माणसाच्या कानात एखादाच शब्द रुतून बसतो. तिच्या कानात मीठ रुतलं.

त्याच संध्याकाळी तिनं लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली, पापडाचा डबा रिकामा केला आणि मिठाची बरणी स्वतःच्या पर्समध्ये घातली. घरात ठेवली तर चोरून खातील, हा तिचा हिशेब. तेव्हापासून बरणी रोज तिच्याबरोबर कारखान्यात जाऊ लागली. सुपरवायझरबाईंना उकडलेल्या अंड्यावर मीठ हवं असलं की त्या थेट भिंगरीकडे येत.

मग आली भाजी. बाजारच्या भाजीवर काय काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक, म्हणून तिनं गॅलरीतच पेरायचं ठरवलं. पदरचा पैसा घालायचा नाही, हेही ठरवलं. फुटकी बादली, तेलाचे डबे, मुलीचा लहानपणचा आंघोळीचा टब, दुधाच्या पिशव्या, सगळ्यांच्या बुडाला तिनं तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली. भाज्यांची सालं, धुतलेला चहाचा चोथा आणि फुटपाथवरचा वाळका पाला एका झाकणाच्या डब्यात थरावर थर साठू लागला. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत जायचं बंद झालं.

पण बी पेरून गप्प बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. संध्याकाळी पेरलं की सकाळी माती उकरून बघायची, मोड आला का. आला नसेल तर पुन्हा दाबायची, वर पाणी. आला असेल तर आनंदानं आणखी पाणी. पालक उगवला आणि सडला. टोमॅटोची पानं पिवळी पडली. शेवटी एक डबा कडेवर घेऊन ती कामावर जाण्याआधी रोपवाटिकेत गेली. तिथल्या बाईंनी मातीत बोट खुपसून पाहिलं.

“पाणी कोण घालतं?”

“मीच. सकाळ-संध्याकाळ. सुट्टी असली तर दुपारीही.”

“मग याच्या मुळांनी श्वास कधी घ्यायचा?”

बाईंनी तिला उभ्या उभ्याच शिकवलं. बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे बांधून निघून जायचं. धणे चुरडून दोन फाकी झाल्या की पेरायचे. पालक उपटायचा नाही, बाहेरची पानं खुडायची. एक डबा संपत आला की दुसरा पेरलेला असावा. माव्याची कीड पडली तर पाण्यात किंचित साबण घालून पानांच्या खालून शिंपडायचं. भिंगरीनं हे मनावर घेतलं, आणि गॅलरी खरंच हिरवी झाली. मुळा आला, कोथिंबीर आली, टोमॅटोला फुलं धरली. सगळं मात्र तिनं डब्यांपुरतंच ऐकलं.

घरात तिचा कारभार चालूच होता. पहाटे दोघं चालायला निघत. ती पुढे जायची, मागे वळून नवऱ्यापर्यंत यायची, पुन्हा पुढे जायची. असं करत त्याच्या दुप्पट चालायची. कारखान्यात कुणीतरी म्हणालं, पाणी भरपूर प्यायलं की शरीर आतून धुतलं जातं. दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली. संध्याकाळी ती येऊन रिकाम्या बाटल्या तपासायची. घड्याळजी मुकाट्यानं पीत होता, मुकाट्यानं अळणी जेवत होता. पहिल्या महिन्याला रक्तदाब उतरलेला दिसला, डॉक्टर शाबास म्हणाला. झालं. तिच्या हाताला आणखी बळ आलं. पुढच्या महिन्यात तिला रजा मिळाली नाही, त्याच्यानंतरच्या महिन्यात तपासणीचं राहूनच गेलं. सगळं ठीक तर चाललंय, असं तिला वाटलं.

ठीक चाललं नव्हतं. त्याच्या हातून स्क्रू निसटायला लागले. जिना चढताना पाय ओढायचा. अन्नावरची वासनाच गेली. एकदा त्यानं कुणाच्या तरी घड्याळात दोन्ही काटे उलटे बसवले आणि गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा नुसता बघत राहिला. भिंगरीनं लगेच निदान केलं. दाब पुन्हा चढला, दुसरं काय? नक्की कुठेतरी मीठ पोटात जातंय. तिनं पावही बंद केला, कारण पावात मीठ असतं. पाण्याची आणखी एक बाटली वाढवली. मुलगी फोनवर म्हणाली, बाबांचा आवाज जड येतोय, एकदा दाखवून तरी आण. रविवारी बघू, असं म्हणून हिनं फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन सगळ्या डब्यांत बोटं घालून आली.

रविवार यायच्या आधीच कारखान्यात औषधवाल्याचा फोन आला. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर बसून होता, आणि घर कुठल्या दिशेला ते त्याला आठवत नव्हतं.

ती पोचली तेव्हा त्याला इस्पितळात हलवलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला, पण बोलणं तोंडातल्या तोंडात विरलं. रक्त तपासायला गेलं. एक तरुण डॉक्टरीण वही घेऊन आली आणि काय खातात, काय पितात ते विचारू लागली. भिंगरीनं सगळं सांगितलं. खरं तर जरा अभिमानानंच सांगितलं. घरचा पालक, घरचा मुळा, मिठाचा कण नाही, पाणी मात्र पोटभर. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

“काकू, मीठ अजिबात नाही?”

“अजिबात नाही. बरणी माझ्या पर्समध्ये असते.”

तिनं पर्स उघडून दाखवली. डॉक्टरीण हसली नाही. रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, ती म्हणाली. गोळीनं लघवीवाटे काढलं, जेवणातून आलं नाही, आणि जे उरलं ते एवढ्या पाण्यानं पातळ झालं. त्यामुळे मेंदूवर सूज येते, माणूस भ्रमतो. उशीर झाला असता तर आकडी आली असती.

“पण मीठ वाईट असतं ना?” भिंगरीनं विचारलं.

“कमी करायला सांगितलं होतं. बंद करायला नाही.”

भिंगरी बाकावर बसली. उठली. बसली. पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. सलाईनचा थेंब इतका सावकाश पडत होता की जाऊन नळी सैल करावी असं तिला वाटलं. तिनं तसा हात पुढे केलाही. नर्सनं तो धरून बाजूला केला. हळूच भरायचं असतं हे, एकदम भरलं तर जास्त बिघडेल. मग तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

मुलगी आली ती चिडूनच. आईला ओलांडून ती थेट बाबांच्या खाटेपाशी गेली. दोन दिवसांनी घड्याळजीची नजर स्वच्छ झाली, वार्डातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय असं तो म्हणाला, तेव्हा मुलीला रडू फुटलं.

“बाबा, अंगात त्राण नाही हे तुम्हाला कळत होतं. बोलला का नाहीत?”

“मी टेबलावर पडलो, त्या दिवसापासून ही धड झोपलेली नाही,” तो म्हणाला. “माझ्या नाकाशी हात धरून बघते. हिला वाटतं मला कळत नाही. मी तक्रार केली असती तर हिचं उरलंसुरलं बसणंही गेलं असतं.”

“म्हणून तुम्ही मरायचं?” भिंगरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, फाटला होता. “तुम्हाला जीभ दिलीय देवानं. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतेय. आणि तुम्ही गप्प बसून मला वाचवत होतात होय?”

“मी चुकलोच,” तो म्हणाला. “आता बोलेन. तू ऐकशील?”

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मुलीलाही कळलं नाही.

घरी परतताना नवी गोळी होती आणि डॉक्टरिणीनं दिलेलं साधं माप. दिवसभराचं मीठ एका वाटीत काढून ठेवायचं, दोघांचा स्वयंपाक त्यातच. पाणी तहानेपुरतं. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. गॅलरीत चार दिवस कुणी फिरकलं नव्हतं. कोथिंबिरीला तुरे आले होते, मुळे जून होऊन पोकळ पडले होते, टोमॅटो दोन गळाले आणि तीन लाल झाले होते. भिंगरीनं ते तीन खुडून चिरले. घड्याळजीनं चिमूटभर मीठ घेतलं, आणि ते टोमॅटोवर पडेपर्यंत तिची नजर त्याच्या बोटांवर होती.

पंधरवड्यानं रक्त तपासलं, ते बरं निघालं. घड्याळजीचा हात पुन्हा स्थिर झाला. आता आमटी अळणी झाली की तो अळणी झाली म्हणतो, चालून दम लागला की बाकावर बसतो. भिंगरीला हे सगळं ऐकून घ्यायला शिकावं लागतंय आणि ते तिला जड जातंय. परवा संध्याकाळी दोघं गॅलरीत होती. तिनं सकाळीच नवा पालक पेरला होता. बोलता बोलता तिची नजर त्या डब्याकडे गेली, आणि ती उठलीच.

“बस ना गं जरा,” तो म्हणाला.

ती बसली. मुलीच्या लहानपणीच्या त्याच्या कुठल्याशा गोष्टीला हुं हुं करत राहिली. गोष्ट संपायच्या आतच पुन्हा उठली आणि डब्यापाशी जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून.