बाबांनी दिलेली केवड्याची जुडी

मुंबईला निघालेल्या पोराच्या हातात लोक काय देतात? लाडू, कुळथाचं पीठ, देवाचा अंगारा. माझ्या बाबांनी मला कुडाळच्या एसटी स्टँडवर केवड्याच्या सुक्या पानांची जुडी दिली. काटे तासलेली, सुंभाने बांधलेली. "पानां संपली की घराक ये," एवढंच म्हणाले. कंडक्टरने जुडी बघितली आणि विचारलं, "काय रे, केरसुण्यो विकूक चललंस?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. त्या वयात चारचौघांत रडायची सोय नसते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जे गावात राहिले त्यांना ही पानं कशाला लागतात ते सांगायला नको, पण आपल्यापैकी जे इकडे आले त्यांची पोरं विचारतात, म्हणून सांगतो. बाबा दोरीने ओढायच्या लेथवर लाटणी करत, कोयत्यांच्या मुठी करत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की लाख तापून चढते, पण पट्टेपट्टे राहतात. मग वरून केवड्याचं सुकं पान दाबून धरायचं. लाख सारखी पसरते आणि लाकडात आपला चेहरा लांबुळका दिसू लागतो. माझा मुळातच लांबुळका, त्यामुळे मला तेवढा फरक पडत नसे.

मुंबईत कांदिवलीच्या एका गाळ्यात सुतारांच्या पटाशीच्या नि कानशीच्या मुठी बनत. मूठ कातणारे दुसरे, शेवटचा हात माझा: पॉलिशपेपर, लाख, पान. मोटरच्या घरघरीत कोणी कोणाशी बोलत नसे. गावी बाबा मूठ करण्याआधी गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात घेऊन बघत. इथे मुठी खोक्यात भरून कुठल्या कुठे जात. दिवसभर मी न बघितलेल्या हातांसाठी लाकूड गुळगुळीत करायचो, आणि माझा स्वतःचा हात मुंबईत आल्यापासून कोणी धरला नव्हता.

खोलीचा मालक कडक शाकाहारी. तरी दर रविवारी मी बोरीवलीच्या मासळीबाजारात जायचो आणि बांगडे घ्यायचो. ते येताना वाटेतल्या मांजराला घालायचो. मला मासे नको होते, घासाघीस हवी होती. खाडीपलीकडून येणारी कोळीण जनाबाय माझ्याशी भांडायची. "ए कोकण्या, घेतोस का निस्ता बगतोस? माझा म्हावरा काय सिनेमा हाय?" आठवड्याभरात माझ्याशी कोणी केलेलं सगळ्यात लांब बोलणं ते.

कायमचं परत जावं असं रोज वाटे. पण पानं शिल्लक असताना जायचं कसं? बाबा जुडीकडेच आधी बघणार. म्हणून मी एक युक्ती केली. फार हुशार होतो तेव्हा. बाबांना एक पान आठवडाभर पुरायचं, मी एका मुठीला एक पान फाडू लागलो. लेथखाली पाल्याचा ढीग व्हायला लागला. शेठ येऊन बघून गेला, "अरे भाई, ये लेथ है के तबेला?" मुठी मात्र अशा चमकत होत्या की त्याला रागवताही येईना. जुडी भराभर बारीक होत गेली. मी मनातल्या मनात एसटीची खिडकी धरून बसलो होतो.

शेवटची दोन-चार पानं उरली तेव्हा मी आनंदाने जनाबायला सांगून टाकलं, "मावशी, आता पगार घेऊन आठ दिवसांनी चाललो गावाला."

"का रं? नोकरी गेली?"

"नाही, केवड्याची पानं संपली."

तिने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू टोपलीतला पापलेटच बोलला. "पानांपायी घरला जातोस? येडा हायेस काय रं?"

पुढच्या रविवारी तिच्या टोपल्यांशेजारी केवड्याचा भारा होता. खाडीकाठचा, हिरवागार, माझ्या कंबरेएवढा. पानं तोडताना तिचे दोन्ही हात काट्यांनी ओरबाडले होते. "घे मेल्या, वाळव," ती म्हणाली, "आनि जाऊ नको. तू गेलास तर मी भांडू कोनाशी?" माझा हात ओढून तिने भाऱ्याचा सुंभ त्यात कोंबला. तिचा हात खवल्यांनी ओला, खरखरीत. झाली, माझ्या युक्तीची वाट लागली. खोलीपर्यंत मी तो भारा डोक्यावरून नेला, आणि लोकांना वाटलं असेल की हा इसम काट्यांमुळे रडतोय.

गणपतीला सुटीवर गावी गेलो तेव्हा तिच्या पानांतलं एक बाबांना दाखवलं. त्यांनी ते अंगठ्याने चोळलं, उजेडात धरलं. "खाऱ्या पाण्याचा पान," म्हणाले, "बरा आसा." परत निघताना स्टँडवर ते रिकाम्या हातांनी आले होते. आईने लाडू दिले. बाबा या खेपेला "घराक ये" म्हणाले नाहीत. गाडी हलली तेव्हा मला कळलं की त्यांनी मला मोकळं सोडलं होतं.

आज बोरीवलीत माझं घर आहे. गाळा कधीच बंद झाला, बाबा गेले, जनाबायच्या जागी तिची सून बसते, पण ती भांडत नाही, भाव सांगून गप्प राहते. गावच्या घराची किल्ली शेजारच्यांकडे असते. तिथे मला "ये" म्हणणारं आता कोणी नाही. पण बाबांच्या जुडीतलं एक पान मी तेव्हा वापरलंच नाही. ते माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. बायको दर दिवाळीला विचारते, "हा कचरा टाकू का?" मी म्हणतो, "राहू दे गं." पानं अजून संपायची आहेत. तोवर बाबांचं ते बोलावणं कायम आहे.