गेरूची रेघ

आमच्या थोरल्या साडूंइतका पाण्याचा माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत दुसरा झाला नाही, आणि हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली. मी डिप्लोमा झालेला, नगरपालिकेचा ओव्हरसियर. हॅट घालून कऱ्हेच्या काठी उभा राहिलो की लोक वाट सोडत. साडू कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतकऱ्यांना पाळीपाळीने पाणी सोडणारे. शिक्षण चौथी. पण इंदापूरला सासुरवाडीत मी पाऊल टाकलं की सासूबाई माझ्या मागे दाराकडे बघत विचारायच्या, "थोरलं जावई न्हाय आलं?" पुरणपोळीवर मला तुपाची धार आणि त्यांच्या ताटात तुपाचं तळं. आमची बायकोसुद्धा परसातलं आळं फुटलं तरी म्हणायची, "दाजींना इचारा की." घरात ओव्हरसियर बसलेला असताना!

त्यांच्याजवळ एक छत्री होती. ती पावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. दांड्यावर वीतवीतभर अंतराने खाचा पाडून त्यांनी तिची मोजपट्टी केली होती, आणि ती भिजू नये म्हणून धोतराच्या सोग्यात गुंडाळून स्वतः चिंब होऊन यायचे. दुसऱ्या हातात गेरूचा डबा आणि कुंचला. कुणाच्याही घरी गेले की ख्यालीखुशाली नाही, तिथल्या म्हातारीला गाठून पहिला प्रश्न, "आज्जी, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलतं वो?" तिने हाताने दाखवलं की लगेच भिंतीवर आडवी रेघ आणि तिच्याखाली म्हातारीचं नाव. साल लिहीत नसत, कारण म्हाताऱ्यांची सालं पोरांच्या जन्मावर चालतात. आमच्या मेव्हण्याचं लग्न भीमेकाठच्या एका गावात होतं, तर नवरीची आजी हातात अक्षता घेऊन चौकटीवर पाणी दाखवत उभी आणि भटजी मंगलाष्टकं थांबवून बसलेले. कोणी रागावलं नाही. मी त्याच लग्नाला पाच मिनिटं उशिरा पोचलो, ते मात्र सहा महिने ऐकून घेतलं.

पुढे कऱ्हेच्या पुरापासून काठची आळी वाचवायला भिंत बांधायचं ठरलं आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम. हे साधलं की तुपाचं तळं आपल्या ताटात, अशी माझी खात्री होती. दप्तरातल्या जुन्या नोंदी काढून मी उंची ठरवली. साडू नकाशा बघायला आले आणि छत्रीवर हात टेकून म्हणाले, "दोन हात कमी पडतीय, साडूभाऊ." कशावरून, तर आळीतल्या एका म्हातारीच्या देवळीपर्यंत एकदा पाणी चढलं होतं.

"म्हाताऱ्या माणसांना सगळंच पाणी मोठं वाटतं," मी म्हणालो.

"आवो, देवळीतला दिवा इझला हुता तिचा. तुमच्या कागदावर दिवा हाय का कुठं?"

बायको खुदकन हसली. त्या हसण्याने मी आठ दिवस जळत होतो.

नवव्या दिवशी एकटाच म्हातारीकडे गेलो. ती चहा टाकायला आत वळताच टेप काढून देवळी मोजली, मग बाहेर दुर्बीण लावून भिंतीच्या जागेशी उंची ताडून पाहिली. भिंत बरोब्बर दोन हात कमी. माणसाने निदान चार बोटं तरी चुकावं! मी गुपचूप नकाशातली भिंत दोन हातांनी वाढवली, आणि एवढी उंच कशाला म्हणून जो विचारील त्याला सांगत सुटलो, "शोभेसाठी."

भिंत झाली आणि दुसऱ्याच वर्षी कऱ्हा फुगली. आळीतली माणसं पोरंबाळं घेऊन उंचावर बसली होती, आणि मी भिंतीपाशी देवाचं नाव घेत उभा होतो. भर दुपारी पाणी माथ्याखाली वीतभर थांबलं आणि उतरू लागलं. माझी पहिली उंची ठेवली असती तर आळी बुडाली असती, हे त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं. लोकांनी मला हार घातला. तेवढ्यात साडू जळोचीच्या कालव्यावरून भिजत आले. पाणी पुरतं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिले, मग नदीच्या अंगाने भिंतीवर रेघ मारली आणि तिच्याखाली माझं नाव लिहिलं. म्हातारीचं नाव नसलेली ती त्यांची पहिली रेघ. आता हे बोलतील म्हणून मी मान खाली घातली.

"शोभा लई झ्याक आली, साडूभाऊ," एवढंच म्हणाले. आणि इंदापूरला जाऊन सासूबाईंना सांगितलं, "धाकल्यानं आळी राखली." पुढच्या खेपेला माझ्या ताटात तुपाचं तळं होतं. मी पोळी कडेकडेनेच खाल्ली, तळ्याला बोट लावलं नाही.

साडूंना जाऊन आता सात वर्षं झाली. ती छत्री माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी गेरू कालवून मी ती रेघ गिरवायला जातो. खाली त्यांचं नाव लिहायचं, असं घरून ठरवून निघतो. त्यांची फार आठवण येते, आणि हेवा काही अजून गेलेला नाही. मी कुंचला बुडवतो, तोवर आळीतलं कोणीतरी येऊन विचारतं, "सायेब, ही तुमचीच रेघ न्हवं?" आणि मी अजूनही हो म्हणतो.