मिरचीच्या रंगाचा कॉम्प्युटर

तिसऱ्या दुकानात पोचेपर्यंत मी पार थकले होते. नंदुरबारला मिरचीच्या पेढीवर मी मालाचे फोटो काढते आणि नीट करून परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवते. मागे मोबाईलवरच्या फोटोत माल जास्तच लाल दिसला आणि मालाची एक गाडी परत आली. तरी पेढीच्या शेठाणींनी मला कामावर ठेवलं. उलट फोटोंना आणि रोजच्या बिलांना चालेल असा स्वस्तातला कॉम्प्युटर निवडायलाही मलाच नेलं. मी सातवीतून शाळा सोडलेली, माहेर पार कोल्हापूरकडे. पुन्हा चुकले तर त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

दुकानदार म्हणाला, "ताई, हाऊ मोठा स्क्रीन ले. देख, कसा झगमगी ऱ्हायना!"

मी सकाळी काढलेला फोटो दोन स्क्रीनवर उघडायला लावला आणि त्याच ढिगातली मूठभर मिरची पिशवीतून काढून शेजारी धरली. मोठ्या स्क्रीनवर मिरची पेटल्यासारखी दिसत होती. लहानावर ती माझ्या हातातल्यासारखीच काळपट लाल होती.

"हा लहान द्या. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा."

"लगनना फोटू फिक्का दिसतीन, ताई," असं म्हणत तो शेठाणींकडे वळला.

"मेरेको क्या पूछता? काम तिला करायचंय," त्या म्हणाल्या.

मला त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण मिरचीच्या ठसक्याने मला खोकला आला, मग दुकानदाराला, आणि शेवटी त्यांनाही.