दाजी आणि अठ्ठावीस स्पीकर

आलिशान मोटारींमधलं आमच्या दाजींएवढं अख्ख्या मराठवाड्यात कुणाला कळत नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले, नांदेडात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. मोटार नाही. मोटार चालवायचा परवानाही नाही. एकदा मी हे धीर करून त्यांच्या कानावर घातलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मी पोरांना पचनसंस्था शिकवली, तेव्हा काय स्वतःचं पोट फाडून दाखवलं होतं का?"

त्यांचं ज्ञान सगळं माहितीपत्रकांतून आलेलं. बाजारात नवी महागडी गाडी आली की तिचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक दाजी कुठून ना कुठून मिळवायचे आणि नातू झाल्यासारखं कौतुकानं मांडीवर घेऊन बसायचे. गाडीचा रंग, दिवे, सनरूफ असल्या गोष्टींना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. "ते बायका-पोरांसाठी," म्हणायचे. (आक्का त्या दिवशी चहात साखर घालायची विसरे.) त्यांचा जीव दोनच गोष्टींत. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते कशी, आणि गाडीत आवाज येतो कसा. देगलूरला एका लग्नात त्यांनी पंगतीतल्या चार जणांच्या वाट्या गोळा करून ऑल-व्हील ड्राइव्ह समजावून सांगितली होती. एका वाटीतलं वरण दुसरीत ओतत म्हणाले, "हे चाक घसरलं की याची ताकद काढायची अन् ज्याची पकड हाय त्याला द्यायची. गाडी सेकंदात शंभरदा हिशेब करते." वाढपी वरणाची बादली घेऊन उभा. ज्याच्या वाटीतली ताकद काढून घेतली होती तो नवरदेवाचा सख्खा मामा निघाला. तो पुढचा सगळा वेळ कोरडा भात चिवडत बसला.

मागची चाकंसुद्धा वळतात अशी गाडी आली, तेव्हा तर आमची धडगत राहिली नाही. योगायोगानं त्याच आठवड्यात मी घर बदलत होतो आणि आईचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. दाजींनी हमालांना थांबवून जिन्यातच तास घेतला. "हळू चालताना मागच्यानं पुढच्याच्या उलटं वळायचं, म्हणजे कमी जागेत गाडी फिरते. जोरात चालताना दोघांनी एकाच बाजूला वळायचं." मागचा हमाल नीट ऐकणारा होता. तो उलटं वळला. पुढच्यानं ऐकलं नव्हतं. कपाट जिन्याच्या वळणावर असं बसलं, की दीड तास ना वर जाईना ना खाली येईना, आणि वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब शेजारच्या गच्चीवरून उतरून कोर्टात गेले. दाजींचं म्हणणं आजही असं, की तत्त्व बरोबर होतं, चाकांमध्ये समन्वय नव्हता.

आवाजाच्या बाबतीत ते त्याहून कडक. तरुणपणी टेपरेकॉर्डर स्वतः उघडून दुरुस्त करायचे आणि शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी वहीच्या कागदात गुंडाळून ठेवायचे. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्यासोबत हैदराबादला एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. दाजी इस्त्रीचा सफारी घालून, छातीच्या खिशाला पेन लावून. टाय घातलेल्या विक्रेत्यानं आम्हाला आत बसवून धडाम-धुडूम असलं काहीतरी लावलं. काचा थरथरल्या. दाजी म्हणाले, "बातम्या लावा." त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बातम्या. माणूस नुसता बोलताना माणसासारखा वाटला, की गाणंही बरोबर येतं. ढोल काय, पत्र्याचा डबाही वाजवतो." बातम्या ऐकून त्यांनी मान डोलावली. पुढे विजेवर चालणारी गाडी दाखवताना विक्रेता अभिमानानं म्हणाला, की हिला इंजिन नाही, पण वेग वाढवला की स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. दाजी सावकाश खाली उतरले. "म्हणजे जे न्हाईच, त्याचा आवाज?" "हो सर." "आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं असंच होतं," एवढं बोलून ते चहा प्यायला निघून गेले.

तर असे हे दाजी गेल्या वर्षी पुतण्याच्या मागे लागले. पुतण्या, प्रशांत, लातूरला हाडांचा डॉक्टर आहे. त्याला मोठी गाडी घ्यायचीच होती. दाजींनी मॉडेल ठरवलं, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं इंजिन ठरवलं, आणि मुख्य म्हणजे सगळ्यात वरची, अठ्ठावीस स्पीकरची सिस्टीमच घे म्हणून महिनाभर त्याचं डोकं खाल्लं. प्रशांत सांगत होता, "काका, मी गाडीत फोनवर पेशंटशी बोलतो फक्त." काकांनी ऐकलं नाही. गाडी आली आणि दाजी मला घेऊन लातूरला दाखल झाले.

पोळा होऊन आठवडा झाला होता. सोयाबीन कमरेला लागलं होतं आणि शेतरस्ते अजून ओले होते. गाडीत चिखलासाठी वेगळं बटण आहे हे दाजींना तोंडपाठ. "चल, तुझ्या शेताकडं जाऊ," म्हणाले. प्रशांत म्हणाला, "काका, काळी माती हाय." "त्यासाठीच तर बटण दिलंय."

बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर गाडीचं सुंदर चित्र उमटलं आणि कोणत्या चाकाला किती ताकद चालली ते निळ्या रेघांनी दिसू लागलं. पन्नास पावलांवर आमच्या काळ्या मातीनं चारी चाकांवर असे थर चढवले, की टायर कुठला आणि ढेकूळ कुठलं ते कळेना. दाजी मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणाले, "बघ, बघ, मागच्या डाव्याला दिली."

"काका, गाडी खाली चालून राहिली."

"खाली चालली तरी वाटणी बरोबर चाललीय."

गाडी पोटावर टेकली तेव्हा प्रशांतनं इंजिन बंद केलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ट्रॅक्टर शोधायला चालत गेला. हाडांच्या डॉक्टरला इतक्या जपून पावलं टाकताना मी प्रथमच पाहिलं.

गाडीत मी आणि दाजी उरलो. मला वाटलं आता तरी खजील होतील. ते म्हणाले, "गाणं लाव." मी पुढच्या सीटवर जाऊन पडद्यावर बरीच बोटं आपटली, तेव्हा कुठे त्यांच्या आवडत्या एका बाईंची बंदिश लागली. आवाज असा स्वच्छ, की बाई माझ्या शेजारीच बसून श्वास घेताहेत. दाजी मागे सीटला पाठ लावून, डोळे मिटून बसले होते. जरा वेळानं म्हणाले, "तबला आला. बाई गाऊन राहिल्यात का?"

मला वाटलं, माझी परीक्षा चालली आहे. मागे वळलो, तर डोळे उघडून ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "गाताहेत की. कधीच्या."

"कधीच्या म्हणजे?"

"तबल्याच्या आधीपासून."

ते पोरांना निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "मला नुसता तबला येऊन राहिला. तोपण कानातून न्हाई. या सीटमध्ये बारकी यंत्रं बसवलीत, खालचा आवाज पाठीला लागतो. पुस्तकात वाचलं होतं. खरं हाय का ते बघायचं होतं."

दोन वर्षांपासून कान जात होते. बारीक, वरचे आवाज आधी गेले. कानातलं मशीन घेतलं होतं, त्यातून बोलणं कळायचं, पण गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं यायचं, म्हणून ते खिशातच असायचं. उरलेलं काम ते ओठांकडे बघून भागवत होते. शेवटच्या बाकावरच्या पोरांची कुजबुज ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

"आक्काला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिचा आवाज मशीन न लावता येतो," दाजी म्हणाले. आणि मग हळूच, "सांगितलं न्हाई अजून. ती गाणं ऐकत बसते माझ्यासोबत. तिला वाटतं, दोघं मिळून ऐकून राहिलो."

तेवढ्यात प्रशांतला घेऊन ट्रॅक्टर आला. शेजारच्या शेताची मालकीण स्वतः चालवत होती, साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला रुमाल. खाली उतरून तिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"चारी चाकं फिरतेत म्हणं हिची?"

"हाव," दाजी तिच्या ओठांकडे बघत म्हणाले.

"फिरतेत खरं. जागच्या जागी."

तिनं साखळी लावून एका झटक्यात आम्हाला वर काढलं. परत येताना वाटेत दाजींनी प्रशांतला सगळं सांगितलं. तो डॉक्टर, त्यानं दहा प्रश्न विचारले आणि अकरावा विचारायच्या आधी गाडी बाजूला घेऊन चष्मा पुसला. आक्काला मात्र दाजींनी घरी गेल्यावर एकट्यानंच सांगितलं. ती काय म्हणाली ते दोघांनीही मला कळू दिलेलं नाही.

प्रशांत आता दर पंधरवड्याला नांदेडच्या एका दवाखान्यात ऑपरेशनं करायला येतो. तो आत असतो तेवढा वेळ गाडी आक्काच्या दारात उभी असते. मागे दाजी आणि आक्का बसतात, पुढे मी. तबला दाजींना पाठीतून पोचतो. बाईंचं काय चाललंय ते मी सांगायचं, असं ठरलंय. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून मी हातानं दाखवतो. आवाज खाली आला की हात खाली, वर चढला की वर. दाजी माझ्या हाताकडे टक लावून बघत असतात. बाई चढत जातात, माझा हात चढत जातो, आणि शेवटी गाडीच्या छताला टेकतो. बाई अजून वरच निघालेल्या असतात. मी ओशाळून मागे बघतो.

"राहू दे," दाजी म्हणतात, "तिथून पुढचं मला पाठ हाय."