उशवळ

आज सकाळी लिफ्टमध्ये शेजारची शाळकरी मुलगी पेंगत उभी होती. गालावर उशीच्या चुणीचा लाल वळ उठला होता.

"उशवळ," मी पुटपुटलो.

"काय म्हणालात काका?"

"काही नाही गं."

हा शब्द माझ्या बायकोनं, सुमननं केलेला. सकाळी चहा देताना ती हसायची, "उशवळ घेऊन आलात का आजही?" मी तेव्हा शब्दकोशाच्या कचेरीत होतो. एकदा हौसेनं या शब्दाचं कार्ड करून संपादकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "गोड आहे हो, पण एका घरातला शब्द कोशात कसा घ्यायचा? चार घरांत रुळू दे, कुठे छापून येऊ दे, मग बघू."

सुमन म्हणाली, "मग बोलत राहू की. घाई कुणाला आहे?"

कोशात शब्द असेच येतात. कुणी म्हणतं, दुसरं कुणी उचलतं, आणि मग तो कुणाचाच राहत नाही. आमचा शब्द आमच्या दोघांतच राहिला. आता तर मी एकटाच, म्हणायचा तरी कुणाला?

कार्डावर मी अर्थ लिहिला होता, 'झोपेतून उठल्यावर गालावर दिसणारा उशीचा वळ. थोड्या वेळात नाहीसा होतो.'

सुमन गेली ती इस्पितळात, पहाटे. तिच्या गालावर उशवळ होता. चहाची वेळ टळली, माणसं जमली, दुपार झाली. मी बघत होतो. तो तसाच होता.